काळ्या ओठांचा लाल रंग

परवा भाचीने मोबाईलवर एक क्लिप पाठवली. खाली लिहिलं होतं, "मावशी, बघ ना, आता किती खरी वाटते ही!" ही म्हणजे ग्रेटा गार्बो. १९२६ च्या 'फ्लेश अँड द डेव्हिल' या मूकपटातला बागेतला प्रसंग. रात्रीची वेळ, झाडांचा काळोख, समोर जॉन गिल्बर्ट. सिगारेट आधी तिच्या ओठांत, मग तिने ती काढून त्याच्या ओठांत ठेवलेली. तो काडी ओढतो, दोन चेहरे उजळतात, आणि ती हलकेच फुंकर घालून काडी विझवून टाकते. हा प्रसंग मी आजवर कितीदा तरी पाहिला आहे. या क्लिपमध्ये मात्र कुणीतरी त्यात रंग भरले होते. गार्बोचे ओठ गुलाबी, झाडं हिरवीगार. फिल्मवरचे ओरखडे पुसलेले, हालचाल गुळगुळीत केलेली, आणि अंधारात जे दडलं होतं तेही ओढून उजेडात आणलेलं. मी ती क्लिप पुन्हा पुन्हा लावली. नाक तेच, जड पापण्या त्याच, मान मागे टाकायची ढब तीच. गार्बो मात्र कुठे दिसेना. भाचीला काय उत्तर लिहावं ते सुचेना, आणि तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाहीये. त्या क्लिपमधून नेमकं काय निघून गेलं?

त्या काडीच्या उजेडाचीच गोष्ट घ्या. त्या काळच्या फिल्मवर चेहरा उमटायला आगकाडीचा उजेड पुरणं शक्य नव्हतं. म्हणून कॅमेरामन विल्यम डॅनियल्सने गिल्बर्टच्या तळहातात एक चिमुकला दिवा लपवला. काडी पेटते ती नावापुरती, दोघांचे चेहरे उजळतात ते त्या मुठीतल्या दिव्याने. गार्बोला त्या मुठीवर नेमकं इतकंच झुकायचं होतं की गालाचं हाड उजळावं, भुवईखालची खोबण काळी राहावी आणि पापण्यांची सावली खाली पडावी. इंचभर पुढे गेली तर चेहरा सपाट, इंचभर मागे राहिली तर काळोखात बुडाला. आणि हे सगळं करताना ती एका पुरुषाच्या प्रेमात पडत होती, तेही खरं वाटायला हवं. मग फुंकर. म्हणजे आपल्या चेहऱ्यावरचा तो प्रकाश ती स्वतःच्या श्वासाने घालवते. सॉफ्टवेअरला यातलं काही कळलं नाही. त्याला अंधार ही भरून काढायची जागा वाटली, आणि त्याने ती इमानेइतबारे भरली.

जुन्या पडद्यावरच्या या बायकांचं वेड मला लागलं ते कॉलेजच्या दिवसांत, फिल्म सोसायटीच्या एका खेळाला. लोखंडी खुर्च्या, मागच्या बाजूला प्रोजेक्टरची खरखर, झोतात तरंगणारी धूळ. चित्रपट होता पाब्स्टचा 'पॅन्डोराज बॉक्स', १९२९ चा. सुरुवातीलाच मीटर वाचायला आलेल्या म्हाताऱ्याला लुईस ब्रुक्स पैसे देते, पेय ओतून देते, आणि हसते. एवढंच. पण त्या हसण्यात हिशेब नव्हता. म्हाताऱ्यावर ती जेवढा जीव उधळते तेवढाच पुढे श्रीमंत प्रियकरावर उधळणार, हे त्या पहिल्या मिनिटातच कळून चुकतं. कपाळावर सरळ कापलेले केस, गालांवर आलेली काळीभोर टोकं, उघडी मान. आमच्या रांगेत कुजबुज चालली होती ती थांबली. मला मात्र त्या वेळी जे वाटलं ते निव्वळ कौतुक नव्हतं. त्यात थोडा हेवा होता, थोडी भीती होती. एखादी बाई इतकी मोकळी दिसली की तिचं पुढे काय होणार याची धास्ती आधी वाटते, आणि चित्रपट ती धास्ती खरी करून दाखवतो. बाहेर पडताना मी गप्प होते. तिच्यासारखे केस कापावेत असं मनात आलं नाही. तिच्यासारखं समोरच्याकडे थेट बघता यावं, असं मात्र फार वाटलं.

ते अजूनही वाटतं.

पुढे वाचत गेले तसं कळत गेलं की पडद्यावरचा तो चेहरा घडवायला काय काय लागायचं. सुरुवातीची कित्येक वर्षं चित्रपट ज्या फिल्मवर निघायचे तिला लाल रंग दिसतच नसे. लाल म्हणजे तिच्या लेखी काळं. उलट निळा रंग तिला इतका जास्त दिसे की आकाश पांढरंफटक यायचं, आणि निळ्या डोळ्यांच्या माणसाची बुबुळंच नाहीशी झाल्यासारखी वाटायची. गालावरची नैसर्गिक लाली काळ्या डागासारखी उमटे. म्हणून चेहऱ्यावर पिवळसर लेप चढवायचा, डोळ्यांभोवती गडद रेघ ओढायची, आणि ओठ रंगवायचे तर जपून, कारण साधी लाल लिपस्टिकसुद्धा पडद्यावर डांबरासारखी काळी दिसायची. त्या काळच्या नट्यांचे ते छोटे, काळे, टोकदार ओठ आठवा. आपल्याला ती निव्वळ फॅशन वाटते, पण त्यामागे फिल्मच्या रसायनाचाही हात होता. म्हणजे सेटवर उभी असलेली ती बाई प्रत्यक्षात चमत्कारिक दिसत असणार. फिकट पिवळा चेहरा, भोवती डोळे दिपवणारे दिवे, समोर हातांनी खुणा करणारा दिग्दर्शक. आरशात जे दिसतंय त्यावर विश्वास ठेवायची सोय नाही. पडद्यावर आपण कशा उमटणार याचं चित्र स्वतःच्या मनात तयार करायचं आणि त्या मनातल्या चेहऱ्याने हसायचं, रडायचं. मला यातलं कसब थक्क करतं. सुंदर चेहरा जन्माने मिळतो हे खरं, पण असा चेहरा आत बसून चालवायला शिकावं लागतं, आणि बहुतेकजणी ते विशीच्या आत शिकल्या.

त्या दिव्यांविषयीही सांगायला हवं. कार्बनच्या कांड्यांमध्ये ठिणगी पेटवून उजेड करणारे आर्क दिवे असायचे. त्यांचा उजेड जहाल, त्यांतून कार्बनची भुकटी उडायची आणि अतिनील किरणंही निघायची. दिवसभर त्यात उभं राहिल्यावर नटनट्यांचे डोळे सुजून लाल व्हायचे, पाणी गळायचं, उघडता येत नसत. यातल्या क्लीग नावाच्या दिव्यावरूनच या आजाराला क्लीग आय म्हणत. ज्या डोळ्यांवर प्रेक्षक जीव टाकत होते ते डोळे संध्याकाळी पट्ट्या ठेवून झाकावे लागत. चित्रपट बोलू लागले तेव्हा आर्कचा गुणगुणता आवाज मायक्रोफोनला चालेना, आणि टंगस्टनचे दिवे आले. तोवर लाल रंग ओळखणारी पॅन्क्रोमॅटिक फिल्मही रुळली होती. रंगभूषा बदलली, भुवया बदलल्या, ओठ मोठे झाले. आधी शिकलेलं बाजूला ठेवून पुन्हा नव्याने शिकणं आलं.

लिलियन गिशला तर मी नट्यांची आजीच मानते. १९१९ च्या 'ब्रोकन ब्लॉसम्स'मध्ये बापाच्या माराने पिचलेली ती पोर हसायचं म्हणून दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर ढकलते. मूकपटाने दाखवलेलं याहून बोलकं काही मला आठवत नाही. पुढच्याच वर्षी 'वे डाउन ईस्ट'साठी ती गोठलेल्या नदीवर, वाहत्या बर्फाच्या लादीवर पडून राहिली. एक हात आणि केस पाण्यात सोडायची कल्पना तिची स्वतःची. त्या हाताची बोटं पुढे आयुष्यभर थंडीत दुखत राहिली. हा प्रसंग पाहताना मी दरवेळी त्या हाताकडेच बघते. तो किती सुंदर पडला आहे पाण्यात! मनगट सैल, बोटं किंचित वाकलेली. आणि मग पोटात कसंतरी होतं, कारण ते सौंदर्य खऱ्या गारठ्यातून आलेलं आहे हे विसरता येत नाही. तिला कुणी जबरदस्ती केली नव्हती, ती हट्टाने पडून राहिली होती. कौतुक करावं की तिला ओढून किनाऱ्यावर आणावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. १९८७ च्या 'द व्हेल्स ऑफ ऑगस्ट'मध्येही ती होती, नव्वदी ओलांडलेली, आणि चेहऱ्यावर उजेड कुठून येतोय हे तिला तेव्हाही नक्की ठाऊक होतं असं मला बघताना वाटत राहिलं.

उजेडाचं ज्ञान म्हटलं की मार्लीन डीट्रिश. दिग्दर्शक योसेफ फॉन श्टर्नबर्ग तिच्यासाठी मुख्य दिवा बराच उंच आणि बरोब्बर समोर ठेवायचा. नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी सावली पडते, गाल आत गेल्यासारखे दिसतात, आणि पापण्यांची सावली गालांवर उतरते. हे तंत्र त्याचं, पण डीट्रिशने ते त्याच्याकडून इतकं पुरतं शिकून घेतलं की पुढे दुसऱ्या दिग्दर्शकांच्या सेटवर ती कॅमेऱ्याशेजारी आरसा ठेवून स्वतःचा उजेड तपासू लागली. याला काहीजण अहंकार म्हणतात. मला तो कारागिराचा काटेकोरपणा वाटतो. सुताराने गुण्या लावून पाहिला तर त्याला कुणी गर्विष्ठ म्हणत नाही. म्हणूनच तिच्या म्हातारपणाची हकिकत मला चटका लावते. माक्सिमिलियन शेलने तिच्यावर माहितीपट केला, १९८४ चा. तिने बोलायचं कबूल केलं, पण कॅमेऱ्यासमोर यायला साफ नकार दिला. सबंध चित्रपटभर तिचा आवाज ऐकू येतो, कधी चिडका, कधी थकलेला, आणि पडद्यावर दिसते ती जुनी डीट्रिश. उजेडाची इतकी जाण असलेल्या बाईने शेवटी त्याच्यात यायचं नाकारलं. तिचा तो हक्क मला मान्य आहे. तरी तो थकलेला चेहरा दिसायला हवा होता, ही हळहळही आहे.

'शांघाय एक्स्प्रेस', १९३२. या चित्रपटाच्या छायाचित्रणासाठी ली गार्म्सला ऑस्कर मिळालं. काळी पिसं, जाळीचा बुरखा, धूर, रेल्वेच्या काचा, आणि या सगळ्यामागून चमकणारी डीट्रिश. पण त्याच डब्यात तिच्याबरोबर आणखी एकजण बसली आहे, ॲना मे वाँग. तिला ना पिसं, ना बुरखा. कपाळावर सरळ कापलेले केस, साधा चिनी पोशाख, आणि अशी एक स्तब्धता की डीट्रिशच्या सगळ्या आराशीवरून नजर घसरून तिच्याकडे जाते. निदान माझी तरी जाते. वाँग लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेली, १९०५ ची. 'द टोल ऑफ द सी' हा सुरुवातीच्या टेक्निकलर चित्रपटांपैकी एक, १९२२ चा, त्याची नायिका ती होती, तेव्हा ती सतरा वर्षांची. तिकडे चांगल्या भूमिका मिळेनात म्हणून युरोपात गेली. लंडनमध्ये केलेल्या 'पिकॅडिली'मध्ये ती हॉटेलच्या मोरीत भांडी घासणारी मुलगी आहे, आणि कामाच्या वेळी टेबलावर चढून नाचते. फाटका मोजा, कमरेची संथ लय, आणि आजूबाजूच्या बायका हातातलं काम विसरलेल्या.

त्या हॉलिवूडला तिचा चेहरा हवा होता, ती नको होती.

गोऱ्या आणि काळ्या वंशांतले संबंध दाखवायचे नाहीत, असा नियमच तिथल्या निर्मात्यांनी १९३० च्या आचारसंहितेत लिहून ठेवला होता, आणि तो आशियाई कलाकारांनाही लावला जाई. गोऱ्या नायकाची नायिका व्हायची वाटच त्याने बंद झाली. 'द गुड अर्थ' हा चिनी शेतकरी कुटुंबावरचा चित्रपट निघाला तेव्हा शेतकऱ्याच्या भूमिकेत पॉल मुनी होता आणि त्याच्या बायकोच्या भूमिकेत लुईस रेनर. रेनरला त्यासाठी ऑस्कर मिळालं. वाँगचे फोटो मात्र मासिकांत छापून येतच राहिले, लांब नखं, ड्रॅगनचे गालिचे, पंखे. ते फोटो मला अतिशय आवडतात आणि आवडताना टोचतात. ती त्यांत इतकी देखणी आहे की तिला एका चौकटीत बसवलं जातंय हे क्षणभर विसरायला होतं. मग तिच्या डोळ्यांकडे लक्ष जातं. ते त्या चौकटीला ओळखून आहेत. २०२२ मध्ये अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यावर तिचा चेहरा आला, आणि मला आनंद झाला. मनात एवढंच आलं की तिच्या मृत्यूला तेव्हा साठ वर्षं उलटून गेली होती.

फोटोंचा विषय निघालाच आहे तर जॉर्ज हरेलला टाळता येणार नाही. १९३० च्या आसपास स्टुडिओंसाठी त्याने काढलेले पोर्ट्रेट म्हणजे ग्लॅमर या शब्दाला दिलेला देह. मोठ्या आकाराची निगेटिव्ह, आणि तिच्यावर बारीक पेन्सिलीने तासन् तास चाललेलं रीटचिंग. जोन क्रॉफर्डचा चेहरा त्यात संगमरवरी दिसतो. पण तिचे रीटच न केलेले फोटोही उरले आहेत, आणि त्यांत तिच्या नाकावर, गालांवर, खांद्यांवर वांगाचे असंख्य ठिपके आहेत. दोन्ही फोटो शेजारी ठेवून मी पुष्कळ वेळ बघत बसले आहे. ठिपक्यांचा चेहरा मला जवळचा वाटतो, तरी मन संगमरवरीच चेहऱ्यावर रेंगाळतं. यात काही विसंगती आहे असं मला वाटत नाही. ठिपके असलेल्या बाईनेच तो संगमरवर घडवायला मदत केली. मान कुठे वळवायची, ओठ किती विलग ठेवायचे, श्वास कधी धरायचा, हे तिचंच काम होतं. त्या फोटोग्राफरइतकंच तिचंही ते श्रेय आहे, आणि मला हेच सतत सांगावंसं वाटतं. या बायकांना आपण देखण्या म्हणतो आणि तिथेच थांबतो. त्यांनी केलेलं काम मात्र मोजायचं राहून जातं.

ज्याला हे पटत नसेल त्याने फाल्कोनेत्तीचा चेहरा पाहावा. कार्ल ड्रायरचा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क', १९२८. रंगभूषा अजिबात नाही. पॅन्क्रोमॅटिक फिल्मवर त्वचेची छिद्रं, फाटलेले ओठ, पापणीवर थांबलेला अश्रू सगळं दिसतं. डोक्यावरचे केस कॅमेऱ्यासमोर भादरले जातात. ग्लॅमरच्या नावाखाली जे जे येतं ते सगळं काढून घेतलेलं, आणि तरी नजर हलत नाही. या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह आगीत गेली होती. कित्येक दशकं लोक तुकडे जोडून तो बघत होते. १९८१ मध्ये ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात त्याची मूळ रूपातली प्रत सापडली. आज आपण तो बघतो तो त्या कपाटामुळे.

सगळ्यांच्या नशिबी असं कपाट नव्हतं. तेव्हाची नायट्रेटची फिल्म पेट घेते, चिकट होते, शेवटी भुकटी होते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये मोजदाद प्रसिद्ध केली, तेव्हा तिथल्या पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी जेमतेम १४ टक्केच मूळ रूपात पूर्ण शिल्लक असल्याचं दिसलं. थीडा बाराने ४० हून अधिक चित्रपट केले. १९३७ मध्ये न्यू जर्सीत फॉक्सच्या गोदामाला आग लागली आणि त्यातले बहुतेक त्यात गेले. तिची १९१७ ची क्लिओपात्रा आपल्याला कळते ती मुख्यतः फोटोंवरून. काजळाने भरलेले डोळे, छातीवर धातूचे नाग. सबंध चित्रपटभर ती क्लिओपात्रा चालत कशी होती, कुणाला माहीत.

आणि आपली सुलोचना. रुबी मायर्स, पुण्यात जन्मलेली, टेलिफोन ऑपरेटर होती, तिथून चित्रपटात आली आणि मूकपटांच्या काळात देशातली सगळ्यांत मोठी तारका झाली. तिचे फोटो मी जमवत असते. भुवया कमानदार, केस लहरी, नजर किंचित तिरकी, आणि त्या नजरेत एक मिश्कील धीटपणा. बोलपट आले तेव्हा हिंदुस्तानी भाषा नीट येत नाही म्हणून ती मागे पडली. मग भाषा शिकून १९३२ मध्ये 'माधुरी' घेऊन परतली. १९२८ मध्ये ती मूक अनारकली होती, १९३५ मध्ये बोलती अनारकली, आणि १९५३ च्या 'अनारकली'त ती सलीमची आई जोधाबाई झाली. 'मुघल-ए-आझम'मध्ये जोधाबाई दुर्गा खोटे, त्याही एकेकाळच्या नायिका. या दोघी आयांकडे बघताना मी नायिकेला विसरते. सुलोचनाला १९७३ चा फाळके पुरस्कार मिळाला. पण ज्या मूकपटांनी तिला तारका केलं ते गेले. भारतात तेराशेच्या घरात मूकपट बनले आणि आज हाती आहेत ते तीसही नाहीत. म्हणजे ज्या अभिनेत्रीवर मी इतकं प्रेम करते तिला तिच्या ऐन भरात हलताना मी एकदाही पाहिलेलं नाही. फोटो हसू देतात, पण हसू येण्याआधीचा क्षण देत नाहीत.

तरी रिळं सापडतात. ग्लोरिया स्वॉन्सन आणि रुडॉल्फ व्हॅलेंटिनोचा 'बियॉन्ड द रॉक्स' ऐंशी वर्षं बेपत्ता होता आणि २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या एका संग्रहात मिळाला. भाचीला मी शेवटी हेच लिहिलं, आणि सोबत मूळ कृष्णधवल प्रसंगाचा दुवा पाठवला, घरातले दिवे बंद करून बघ म्हणून. तिचा उलट प्रश्न आला, "तुला एकच हरवलेला सिनेमा मिळणार असेल तर कुठला मागशील?" विचार करावाच लागला नाही. 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे', १९२७. त्यात सुलोचनाने आठ भूमिका केल्या होत्या. माळी, रस्त्यावरचं पोर, हैदराबादी गृहस्थ, सोनेरी केसांची युरोपियन बाई, पोलीस. सोनेरी केसांची बाई कशी दिसत असेल याचा अंदाज फोटोंवरून बांधता येतो. मला आधी तिचा पोलीस बघायचा आहे. छाती काढून चालते की पाय फेंगडे टाकते, दांडका कुठल्या हातात धरते, आणि मिशी लावलेल्या त्या चेहऱ्यात तिची ती तिरकी नजर लपते का.